सुरुवातीचे कार्टून लघुपट : बलस्थाने, उणिवा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेक्षक प्रथमच शंभर वर्षांपूर्वीचा एखादा कार्टून लघुपट पाहतात, तेव्हा त्यांच्या मनात साधारण सारखेच प्रश्न येतात : हे इतके थरथरते का, यात गोष्ट कुठे आहे, आणि यातले काही विनोद आज इतके खटकतात का. या पानावर त्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. उत्तरे लिहिताना एक धागा पुन्हा पुन्हा हाती आला, तो आधीच सांगून टाकतो. या लघुपटांचे बहुतेक गुण आणि बरेचसे दोष एकाच कारणातून जन्मले आहेत. पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीसाठी कोणाला तरी कागदावर वाकून चित्र काढावे लागत होते आणि हात नेहमीच कमी पडत होते.

‘सुरुवातीचे’ म्हणजे नेमके कोणत्या काळातले?

येथे प्रामुख्याने १९०८ ते १९३४ हा काळ धरला आहे. त्याआधी, १९०६ साली, जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी अमेरिकेत फळ्यावर खडूने काढलेले चेहरे कॅमेऱ्यापुढे हलवून दाखवले होते. पण तो पुष्कळसा जादूच्या प्रयोगाचाच भाग होता. संपूर्ण चित्रांची, चित्रांच्याच नियमांनी चालणारी फिल्म म्हणून फ्रेंच व्यंगचित्रकार एमिल कोल यांची ‘फँटास्मागोरी’ (ऑगस्ट १९०८) हा सोयीचा आरंभबिंदू ठरतो. १९३४ साली अमेरिकेत चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे लागू झाली, तोवर ध्वनी आणि रंग दोन्ही आलेले होते, आणि त्यानंतरच्या कार्टूनपटांचा स्वभावच बदलला. म्हणून तेथे थांबलो आहे.

यांत गोष्ट का नसते?

कारण बहुतेकांना गोष्टीची गरज वाटत नव्हती. हे लघुपट नाटुकली, बातमीपट, गाणी अशा मिश्र कार्यक्रमात चार-सहा मिनिटांची जागा भरत. कोल यांची फिल्म तर दोन मिनिटांचीही नाही. तिच्यासाठी सुमारे ७०० चित्रे काढली गेली आणि प्रत्येक चित्र दोनदा टिपले गेले. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली ही चित्रे निगेटिव्हच्या रूपातच छापल्यामुळे पडद्यावर ती काळ्या फळ्यावरच्या खडूसारखी दिसतात.

तिच्यात घडते ते असे : बाटलीचे फूल होते, फुलाच्या देठापासून हत्तीची सोंड होते, हत्तीचे घर होते, त्या घरात विदूषक अडकतो, खिडकीतून उडी मारताना त्याचे मुंडके निखळते, आणि मग कॅमेऱ्यापुढे चित्रकाराचे खरेखुरे हात येऊन त्याला चिकटवून देतात. ‘आणि मग काय झाले?’ या प्रश्नाला येथे काही अर्थ नाही. ‘याचे आता काय होणार?’ हा प्रश्न मात्र क्षणभरही सुटत नाही. रेषेला कोणतीही वस्तू होण्याची मुभा असणे, हे या माध्यमाचे पहिले आणि माझ्या मते आजवरचे सर्वांत मोठे बळ आहे. उणीव एवढीच, की सतत रूप बदलणाऱ्या आकृतीविषयी प्रेक्षकाला माया वाटत नाही. विदूषकाचे मुंडके तुटले तरी आपल्याला काही वाटत नाही, कारण तो विदूषक अजून ‘कोणी’ झालेला नसतो.

मग आकृतीला स्वभाव प्रथम कोणी दिला?

या प्रश्नाच्या उत्तरात विन्झर मॅके हे नाव टाळता येत नाही. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत चित्रकथा काढणारे मॅके १९११ पासून चित्रांना चालवून पाहत होते, आणि १९१४ साली त्यांनी ‘गर्टी’ ही डायनोसॉर मादी रंगमंचावर आणली. ते स्वतः हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहत आणि गर्टीला हुकूम सोडत. पाय उचल म्हटल्यावर ती उचलते, मग कंटाळते, मालकाकडे तोंड वासते, मॅके रागावल्यावर मुसमुसून रडते. ते सफरचंद फेकण्याचा आविर्भाव करत आणि त्याच क्षणी पडद्यावर चित्रातले फळ तिच्या तोंडात पडे. शेवटी मॅके पडद्यामागे जात आणि चित्रातले मॅके तिच्या पाठीवर बसून निघून जात.

तिच्या जिवंतपणाचे रहस्य गोडव्यात नसून वजनात आहे. ती तळ्याकाठी वाकून पाणी पिते तेव्हा पायाखालची कड खचते. ती कुशीवर पडते तेव्हा पोट वरखाली होते, आणि तो श्वास मॅके यांनी स्वतःचा श्वास घड्याळावर मोजून बसवला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांतले बहुतेक कार्टूनपट पाहा : पात्रे जमिनीवर चालत नाहीत, तरंगतात. मॅके यांना जमिनीचे भान होते. ते आधी हालचालीच्या मुख्य स्थिती काढून घेत आणि मधली चित्रे नंतर भरत. ही पद्धत पुढे साऱ्या उद्योगाने उचलली.

दोषही सांगितला पाहिजे. एवढ्या कष्टानंतर हातात येई ती एकाच जागी घडणारी, एकाच कोनातून पाहिलेली करामत. पुढे चित्रपटगृहांसाठी या फिल्मला पैजेचा एक प्रसंग खऱ्या नटांसह जोडला गेला, तो आज पाहताना कमालीचा लांबलेला वाटतो. मी प्रत्येक वेळी तो पुढे ढकलतो आणि त्याबद्दल मला फारसे वाईट वाटत नाही.

चित्र सतत थरथरते. दोष प्रिंटचा की रेखाटनाचा?

दोन्हींचा, पण त्यांत फरक करता येतो. साऱ्या फ्रेमला एकदम झटका बसत असेल, चरे आणि डाग दिसत असतील, तर तो जुन्या प्रिंटचा परिणाम आहे. गर्टीच्या मागचे डोंगर, झाड आणि दगड मात्र उकळत्या पाण्यासारखे सळसळतात, ते वेगळ्या कारणाने. तेव्हा पार्श्वभूमी वेगळी ठेवण्याची सोय मॅके वापरत नव्हते. पातळ कागदाच्या हजारो तुकड्यांवर प्रत्येक वेळी तोच डोंगर पुन्हा गिरवावा लागे, आणि हे काम जॉन फिट्झसिमन्स नावाच्या तरुण मदतनिसाने केले. कोपऱ्यातल्या खुणा जुळवून कितीही काळजीपूर्वक गिरवले तरी दोन रेषा केसभर सरकतातच. शाळेत वहीच्या कोपऱ्यावर धावणारा माणूस काढून ज्यांनी पाने फडफडवली असतील, त्यांनी हा अनुभव घेतलेला आहे.

वेगाचाही प्रश्न आहे. मूकपटांचा वेग ठरलेला नव्हता, आणि सेकंदाला सोळा-अठरा फ्रेम या हिशेबाने काढलेली फिल्म चोवीसच्या वेगाने चालवली की सारेजण उगाच घाईत दिसतात. हा दोष दाखवणाऱ्याचा असतो, काढणाऱ्याचा नसतो.

सेल आल्यामुळे काय सुधारले आणि काय गेले?

आधी हिशेब पाहू. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सात मिनिटांच्या लघुपटाला १०,०८० फ्रेम लागतात; प्रत्येक चित्र दोनदा टिपले तरी ५,०४० चित्रे उरतात. त्या प्रत्येकात डोंगर आणि झाडेही काढायची म्हटली तर कोणताही कारखाना चालणार नाही. अर्ल हर्ड यांनी १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर, म्हणजेच ‘सेल’वर, पात्र काढून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे त्यांनी जॉन ब्रे यांच्याशी भागीदारी केली आणि इतर स्टुडिओंकडून परवान्याचे पैसे घेतले. त्याच सुमारास राऊल बारे यांनी कागदाला भोके पाडून तो टेबलावरच्या खुंट्यांत अडकवण्याची युक्ती रूढ केली. ही युक्ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे, पण थरथर कमी होण्यात तिचा वाटा सेलइतकाच आहे.

फायदा उघड आहे. पार्श्वभूमी एकदाच काढावी लागे, स्थिर धड एका सेलवर ठेवून फक्त हलणारा हात दुसऱ्यावर काढता येई, आणि कामाची वाटणी करता येई. त्या वाटणीबरोबर एका हाताची ओळख पुसट झाली. मूळ रेषा एक जण काढी, दुसरा ती स्वच्छ करी, तिसरा सेलवर शाईने उतरवी, चौथा आतला भाग रंगवी. या प्रवासात रेषेतला चटकन उमटलेला जोर बऱ्याचदा वाटेतच सांडे. शिवाय हलणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यातली फट जाणवू लागली. धड पुतळ्यासारखे उभे आणि फक्त हनुवटी हलते आहे, हे दृश्य त्या काळात ठायी ठायी दिसते. सेल धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे मूळ कामही फारसे उरले नाही.

हातपाय रबरी नळीसारखे का दिसतात? हा आळस होता का?

अंशतः होता. कोपर आणि गुडघा नसलेला हात काढायला सोपा, वेगाने काढायला त्याहून सोपा, आणि दहा चित्रकारांकडून एकसारखा काढून घ्यायला सर्वांत सोपा. पण आळसातूनही शैली घडते. हाड नसलेला हात दाराखालून सरकू शकतो, स्वतःभोवती वेटोळे घालू शकतो, तालावर डुलू शकतो. तोटा असा, की अशा शरीराला इजा होत नाही आणि थकवाही येत नाही, त्यामुळे प्रसंगात काही पणाला लागत नाही.

तेच तेच विनोद आणि तेच तेच चालणे पुन्हा का दाखवतात?

वेळापत्रकामुळे. पॉल टेरी यांच्या स्टुडिओने १९२१ पासून इसापनीतीच्या नावाखाली आठवड्याला एक लघुपट देण्याचे कंत्राट घेतले होते. वर्षाला बावन्न लघुपट काढायचे म्हणजे चालण्याचे आठ-दहा चित्रांचे एक चक्र करून ते मागची पार्श्वभूमी सरकवत पुन्हा पुन्हा फिरवणे भागच होते. पन्नास उंदीर एकाच पावलाने धावताना दिसतात, ते एकाच उंदराच्या चित्रांचे पुनर्मुद्रण असते. शेवटी तात्पर्य म्हणून जे वाक्य येई, त्याचा आधीच्या गोंधळाशी बहुधा काडीचा संबंध नसे, आणि खरे सांगायचे तर त्या मालिकेतला सर्वांत हमखास विनोद तोच होता. अशा मालिकेतले दोन-तीन लघुपट पाहणे आनंदाचे असते. ओळीने दहा पाहणे ही शिक्षा आहे.

मूक काळातले सर्वोत्तम काम कोणते मानावे?

मॅके बाजूला ठेवले तर फेलिक्स मांजर. पॅट सलिव्हन यांच्या स्टुडिओत १९१९ साली आलेल्या या मांजराला घडवले ते ऑटो मेसमर यांनी. पडद्यावर मात्र नाव सलिव्हन यांचेच येत राहिले आणि मेसमर यांना श्रेय मिळायला कित्येक दशके जावी लागली. (श्रेयाची ही लबाडी त्या उद्योगाचा स्वतंत्र दोष म्हणून नोंदवावी लागेल.)

फेलिक्सचे वैशिष्ट्य म्हणजे तो विचार करताना दिसतो. पाठीमागे हात बांधून, मान खाली घालून तो येरझारा घालतो, थांबतो, प्रेक्षकांकडे पाहतो, आणि त्याच्या डोक्यावर उमटलेले प्रश्नचिन्ह हाताने काढून घेऊन त्याचा अडकवायच्या आकड्यासारखा वापर करतो. त्याचे शेपूट कधी बॅट होते, कधी काठी. कोल यांच्या रेषेचे स्वातंत्र्य येथे शाबूत आहे, पण आता ते एका पात्राच्या डोक्यातून निघते, म्हणून त्याला अर्थ येतो. मूकपटांतल्या संवादाच्या फुग्यांची मोठी अडचण होती : फुगा वाचून होईपर्यंत हालचाल थांबवावी लागे आणि विनोदाची लय तुटे. फेलिक्सच्या चांगल्या लघुपटांत फुगे कमी आहेत, कारण त्याचे शरीरच पुरेसे बोलते. आवाज आल्यावर नेमके हेच बळ निरुपयोगी ठरले. त्याच्या फिल्मना उशिरा आणि ओढूनताणून चिकटवलेला आवाज त्याला मानवला नाही.

ध्वनीमुळे मोठी सुधारणा झाली असे म्हणता येईल का?

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये मिकी माऊस या उंदराचा ‘स्टीमबोट विली’ दाखवला गेला. बोलका कार्टूनपट त्याआधीही झाला होता. फ्लायशर बंधूंनी १९२४ पासूनच गाण्याचे लघुपट काढले होते, आणि टेरी यांचाही एक ध्वनिपट काही आठवडे आधी आला होता. वॉल्ट डिस्नी आणि अब आयवर्क्स यांच्या चमूने वेगळे केले ते हे, की ताल आधी ठरवला आणि चित्रे त्यावर बसवली. सेकंदाला २४ फ्रेम ठरलेल्या असल्यामुळे दर बारा फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात. मग कोणत्या चित्रावर पाय आपटायचा हे कागदावरच ठरवता येते. ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा वाद्यवृंदाच्या संचालकाला ताल दिसावा म्हणून फिल्मवरच उड्या मारणारा चेंडू छापण्यात आला आणि दुसऱ्या प्रयत्नात काम जमले.

परिणाम आजही ताजा वाटतो. बकरी गाण्याचे कागद खाते, तिचे शेपूट पिरगाळले की तोंडातून गाणे निघते, गाईचे दात जलतरंगासारखे वाजतात. आवाज ही येथे वस्तू झाली आहे. पण किंमतही चुकवावी लागली. पुढची काही वर्षे पडद्यावरची प्रत्येक गोष्ट, घरे आणि झाडे धरून, ठोक्यावर गुडघे वाकवत राहिली. गोष्ट बाजूला पडून नाचगाण्याचा कार्यक्रम उरला. शिवाय संगीताने प्रत्येक पावलाची नक्कल करावी, या सवयीला त्याच उंदराचे, मिकीचे, नाव पडले आणि ते आजही कौतुकाने कमी, टोमणा म्हणूनच अधिक उच्चारले जाते.

खऱ्या माणसावरून चित्र गिरवणे ही फसवणूक नव्हे काय?

मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली पेटंटसाठी दाखल केलेल्या रोटोस्कोप यंत्रात चित्रित केलेल्या माणसाची एकेक फ्रेम काचेवर पाडून गिरवता येई. त्यांचे बंधू डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून नाचले आणि त्यातून कोको जन्मला. केवळ गिरवलेली हालचाल गुळगुळीत असली तरी निर्जीव वाटते. शरीराचे वजन येते, पण व्यंगचित्राचा नेमकेपणा जातो. फ्लायशर स्टुडिओचे यश असे, की तो गिरवून थांबला नाही. १९३३ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये गायक कॅब कॅलोवे यांची घसरती चाल कोकोला दिली आहे, तो चालता चालता भूत होतो, आणि गाण्यात सोन्याच्या नाण्याचा उल्लेख येताच त्याचे शरीरच साखळीला लटकणारे वीस डॉलरचे नाणे बनते. खऱ्या माणसाची लय आणि रेषेचा बेबंदपणा अशा रीतीने एका फ्रेममध्ये क्वचितच भेटले आहेत. हा लघुपट रोलंड क्रँडॉल यांनी जवळजवळ एकट्याने रेखाटला होता, आणि तो एकहातीपणा जाणवतो.

हे सगळे विनोदीच होते का?

नाही. मॅके यांच्याच ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ (१९१८) या फिल्ममध्ये ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या जहाजाचे दृश्य आहे. त्या घटनेचे चित्रीकरण उपलब्ध नव्हते, म्हणून ती चित्रांतून बातमीपटासारखी उभी केली. धुराचे लोट आणि बाळाला पाण्यावर धरून बुडणारी आई विसरता येत नाही. मात्र तो युद्धप्रचार आहे, आणि मधल्या पाट्यांची भाषा शत्रुद्वेषाने भरलेली आहे. ड्रॉइंगचा त्याग करून मेलेल्या कीटकांच्या बाहुल्या करणारे लाडिस्लाव स्टारेविच आणि काळ्या कागदाच्या सावल्या कापणाऱ्या लोटे राइनिगर यांची वाट याहून निराळी असल्याने येथे केवळ उल्लेख करतो.

कृष्णवर्णीयांचे चित्रण इतके आक्षेपार्ह का आहे? ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर पुरेसे आहे का?

मला ते पुरेसे वाटत नाही. अमेरिकन कार्टूनचे बाह्यरूपच बऱ्याच अंशी ‘मिन्स्ट्रेल’ खेळांतून आले आहे, ज्यांत गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत. काळा चेहरा, पांढरे मोठे तोंड, वटारलेले डोळे आणि पांढरे हातमोजे हा साचा तेथला आहे. मिकीला १९२९ साली हातमोजे मिळाले, याचे तांत्रिक कारण खरे आहे, कारण काळ्या धडापुढे काळा हात दिसत नाही. पण उपाय म्हणून तोच साचा हाताशी यावा, हा योगायोग नव्हे. १९३० साली वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीसाठी आलेला बॉस्को हा कार्टून-नायक तर उघडच त्या परंपरेतला आहे. मॅके यांच्या १९११ च्या फिल्ममध्येही असे एक पात्र आहे, आणि त्यांच्या हाताची थोरवी त्याला सुंदर करत नाही.

‘काळ तसा होता’ या उत्तरातली खोट अशी, की दुखावले जाणारे प्रेक्षक त्या काळातही होते. त्यांना विचारले जात नव्हते, एवढेच. विनोदकार म्हणूनही हा दोष गंभीर आहे : साचा तयार असला की निरीक्षण करावे लागत नाही, आणि निरीक्षणाशिवायचे व्यंगचित्र हे केवळ शिक्का असते. १९६८ साली वॉर्नरच्या जुन्या लघुपटांपैकी अकरा लघुपट याच कारणाने दूरचित्रवाणीच्या वितरणातून काढून घेण्यात आले. माझे मत असे, की अभ्यासकांसाठी ते पूर्ण रूपात आणि स्पष्ट सूचनेसह उपलब्ध असावेत, पण मुलांच्या कार्यक्रमात त्यांना जागा नसावी.

महाराष्ट्रात याच काळात असे काही घडले का?

घडले, आणि ते नकलेतून घडले नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवण्याच्या खटपटीत, कुंडीत पेरलेल्या दाण्याची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून ‘अंकुराची वाढ’ या नावाने दाखवली. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, ज्यात काड्या फ्रेमगणिक सरकवून त्यांच्या आकृत्या हलवल्या होत्या. येथे चित्रकारांचा ताफा नव्हता, सेल नव्हते. घरात असणारी काडेपेटी होती आणि एका वेळी एक फ्रेम टिपू शकणारा कॅमेरा होता. पुण्याच्या प्रभात कंपनीतही १९३०च्या दशकात ‘जंबू काका’ हा रेखाटलेला लघुपट झाला. साप्ताहिक मालिका चालवणारा कारखाना मात्र आपल्याकडे उभा राहिला नाही, कारण पाच हजार चित्रांचा खर्च दर आठवड्याला सोसणारे वितरणाचे जाळे नव्हते.

लहान मुलांना दाखवायचे असल्यास सुरुवात कशापासून करावी?

गर्टीपासून, आणि पैजेचा प्रसंग वगळून. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या भिंतीवर पांढरी चादर लावून भाचरांना चार लघुपट दाखवले. फेलिक्सला हशा मिळाला. बोटीवरच्या उंदराने मांजराचे शेपूट ओढून वाजवले तेव्हा सहा वर्षांची भाची नाराज झाली आणि ‘त्याला दुखतंय ना’ म्हणाली. रबरी शरीराला दुखत नाही हा माझा सिद्धान्त तिला मान्य नव्हता. गर्टी रडू लागली तेव्हा मात्र सगळे गप्प झाले, आणि फिल्म संपल्यावर तिला पुन्हा रागवायला लावू नका, या अटीवर तीच फिल्म पुन्हा लावायची मागणी आली.